डिझेलच्या लिव्हरवरचे डाग

दुपारचे अडीच वाजलेत. शटर अर्धं खाली ओढून माझ्या मदतनीस वंदनाताई बाहेरच्या बाकावर डबा खातायत आणि मी मागच्या खोलीतल्या खाटेवर आडवी झालेय. पंखा वारा कमी आणि आवाज जास्त करतो. डोळे मिटले की पापण्यांच्या आत करडा धूर हलायला लागतो, त्यात काळे ठिपके, पांढऱ्या रेघा. दिवसभर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघितलं की हे होतंच. झोप येत नाही. अंग तेवढं जड होत जातं, ओल्या गोणपाटासारखं.

मी कुत्र्यामांजरांची डॉक्टर. कऱ्हाडात दवाखाना टाकून एकोणीस वर्षं झाली. आजचा सकाळचा शेवटचा पेशंट बिट्टू, शेडगे नवराबायकोचा दहा वर्षांचा पॉमेरियन. पंधरा दिवस धड जेवत नाही. रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे चढलेले. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब फिरवला तर लिव्हरमध्ये काळपट गोल डाग दिसले. मी चार मोजले, मग मोजायचं थांबवलं.

शेडगे म्हणाले, "मॅडम, हाल नकोत. काही राहिलं नसेल तर आजच काय ते करून टाकू."

त्यांची बायको शेजारी उभी होती. तिने बिट्टूचा कान दोन बोटांत धरून ठेवला होता.

"साडेचारला या," मी म्हणाले. "मी रिपोर्ट परत एकदा बघते."

रिपोर्टमध्ये परत बघण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त आडवं व्हायचं होतं.

पंख्याचा आवाज लांब जातो. कुणीतरी खाकरतं.

"झोपलात व्हय, डॉक्टरीणबाई?"

दारात पिसाळकाका उभे आहेत. खाकी पॅन्ट, वर पांढरी बंडी, खांद्यावर ग्रीसचे डाग पडलेला पंचा. ते वारले, हे मला ठाऊक आहे. वर्ष झालं. शनिवार पेठेच्या कोपऱ्यावर त्यांचा फोटो लावलेला फ्लेक्स मी स्कूटरवरून जाताना बघितला होता, आणि सिग्नल सुटला म्हणून पुढे गेले होते. पण आत्ता ते उभे आहेत आणि मला त्याचं नवल वाटत नाही. मला वाटतं ते एवढंच, की अजून एक पेशंट आला.

"या ना काका. बसा."

"बसायला न्हाई आलो. डिझेलला आणलंय."

डिझेल म्हणजे त्यांचा कुत्रा. काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, एकतीस वर्षं. निवृत्त व्हायच्या वर्षी त्यांना तिथे एका नादुरुस्त गाडीखाली काळं पिल्लू सापडलं, तेलात माखलेलं. धुतल्यावरही ते काळंच निघालं. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तेरा वर्षं ते दोघंच राहिले. डिझेलला मीच दोन वर्षांपूर्वी इंजेक्शन दिलं. शेवटचं.

"कुठे आहे तो?" मी विचारते.

"कुठं म्हंजे? टेबलावर की."

मी उठते. सोनोग्राफीच्या खोलीत अंधार करून ठेवलेला आहे, नेहमी असतो तसा. टेबलाकडे जायला मी पाऊल टाकते आणि पाय खाली, आणखी खाली जातो. चार पायऱ्या उतरून मी एका लांबट खड्ड्यात उभी आहे. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, भिंतींवर नट आवळायचे पाने अडकवलेले. बसच्या खाली शिरून काम करायचा वर्कशॉपमधला खड्डा आहे हा. वर बस नाही. वर, खड्ड्याच्या दोन काठांवर टाकलेल्या फळ्यांवर डिझेल उताणा पडलाय. त्याचं पोट मला खालून दिसतंय, हे कसं, ते मी विचारत नाही. पोटावरचे केस मीच काढलेले आहेत. शेपटीचं टोक हळूहळू हलतंय.

"दावा," काका म्हणतात. ते माझ्या शेजारी खड्ड्यात उतरलेत. "त्या दिवशी तुमी दावलं, पर मला काय बी दिसलं न्हवतं."

"दिसलं नव्हतं? तुम्ही तर हो हो म्हणत होतात."

"तुमी बोट दावत व्हता, मी मान हलवत व्हतो. डॉक्टरला किती येळा इचारायचं?"

मी प्रोब हातात घेते. तो पान्यासारखा गार आणि वजनदार आहे. डिझेलच्या बरगडीखाली टेकवल्यावर समोरच्या भिंतीवर करडा धूर पसरतो.

"हा आवाजच असतो," मी सांगते. "आपल्याला ऐकू न येणारा. आत जातो, आदळून परत येतो. जिथून परत येतो तिथे पांढरं दिसतं. पाणी असेल तिथे काळं."

काकांचा चेहरा उजळतो. "आवाज? मग आदी का न्हाई सांगितलं? आमी बी आवाजावरच बघायचो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आन् मूठ कानाला. आतलं समदं ऐकू येतंय."

"तसंच."

"आन् हे काय?"

"हे लिव्हर. हे सगळं करडं दिसतंय ना, दाणेदार, ते. ही काळी पिशवी पित्ताची. आणि हे..." माझं बोट थांबतं. "हे डाग. हे नसायला पाहिजेत."

ते डोळे बारीक करून भिंतीजवळ जातात. नाक टेकेल इतकं. करड्या धुरात ते गोल डाग श्वासाबरोबर वरखाली होतायत. डिझेल श्वास घेतोय.

"हेच व्हय ते?"

"हेच."

"आन् रक्तात काय आलं व्हतं?"

हा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला नव्हता. तेव्हा ते दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, हात मांड्यांखाली घालून.

"एक आकडा चौपट होता. दुसरा थोडा वर. कावीळ नव्हती. लिव्हर जे काम करतं, ते बऱ्यापैकी चाललेलं होतं."

"चाललेलं व्हतं?"

"हो."

"मग त्यो कॅन्सर, त्यो कुठं लिवलाय?"

पंखा कुठेतरी फिरतोय. खड्ड्यात तेलाचा वास आहे. मी प्रोब डिझेलच्या पोटावर तसाच धरून उभी आहे आणि माझा खांदा भरून आलाय.

"लिहिलेला नसतो काका. डाग दिसतात. डाग कसले आहेत ते दिसत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या लिव्हरमध्ये नुसत्या वयानेही गाठी होतात. निरुपद्रवी. त्या अशाच दिसतात. आणि तो आकडाही असाच वाढतो."

"मग कळतं कसं?"

"सुई घालून थोड्या पेशी काढायच्या. काचेवर पसरून तपासायला पाठवायच्या. त्यानंही कधी कधी भागत नाही, मग तुकडा काढावा लागतो."

"म्हंजे खोलून बघायचं."

"हो."

"तेच तर," काका म्हणतात, जणू मीच त्यांचं म्हणणं मान्य केलंय. "आवाजावरनं सौंशय येतो. खोलल्याबिगर खात्री न्हाई. कितींदा तरी मी म्हणायचो, बेअरिंग गेलं, आन् खोललं तर भलतंच निघायचं." मग ते माझ्याकडे वळतात. "काडल्या व्हत्या का सुईनं?"

"नाही."

"का वो?"

ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. ते तसेच विचारतायत, जसं एखाद्या नव्या मेकॅनिकला विचारावं, हा नट का नाही आवळला.

मला खूप काही सांगता येईल. सुईनं आत रक्तस्राव होऊ शकतो, आधी रक्त नीट गोठतंय का ते बघावं लागतं, नमुना पुण्याला जातो, तीन दिवस लागतात. हे सगळं खरं आहे.

"मी दमले होते," मी म्हणते.

भिंतीवरचा धूर हलतो.

"त्या दिवशी डिझेल सव्विसावा पेशंट होता. डिझेल जेवत नव्हता, मागचे पाय ओढत होता, तेरा वर्षांचा होता. डाग दिसल्यावर मला वाटलं, झालं, कळलं. मला कळून टाकायचं होतं काका."

काका पंच्याने हात पुसतात, एकेक बोट.

"आणि अजून एक आहे," मी म्हणते. एकदा बोलायला लागल्यावर थांबणं जास्त कष्टाचं वाटतंय. "नंतर चार महिन्यांनी मी पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते. तिथे त्यांनी एक फोटो दाखवला. अगदी असाच. आणि विचारलं, कॅन्सर कोण कोण म्हणेल? मी हात वर केला. तो कॅन्सर नव्हता."

"म्हंजे डिझेलला बी न्हवता?"

"माहीत नाही. असेलही. आता कधीच कळणार नाही. पण तुम्ही तेव्हा जिवंत होतात. त्यानंतर मंडईत भेटलात मला, आठवतं? हातात मेथीची जुडी होती. तुम्ही म्हणालात, बरं केलंत डॉक्टरीणबाई, सोडवलंत त्याला. आणि मी म्हणाले, काळजी घ्या."

"आठवतंय की."

"मी तेव्हा सांगायला हवं होतं."

काका डोकं खाजवतात. वर डिझेल उठून बसलाय. फळ्या करकरतात. तो खाली आमच्याकडे बघतो, जीभ बाहेर, आणि मला त्याच्या दाढांवरचा पिवळा थरही दिसतो.

"चला," काका म्हणतात. "त्येला घरी न्यायचाय. चालायचा न्हाई त्यो. धरा."

त्यांनी चादर पसरलेली आहे, निळ्या पट्ट्यांची. डिझेल आपणहून तिच्यावर आडवा होतो, सवय असल्यासारखा. पुढची दोन टोकं काका धरतात, मागची दोन मी. उचलतो. बत्तीस किलो, मी मनात म्हणते. शेवटच्या दिवशी भुलीचा डोस काढताना तेवढं भरलं होतं.

खड्ड्याच्या पायऱ्या चढून वर येतो तर पुढे आणखी पायऱ्या आहेत. चाळीचा जिना. भिंतीवर विजेचे मीटर, कोपऱ्यात कुणाची तरी सायकल. मी इथे कधी आलेली नाही, तरी काकांच्या इमारतीचा हा जिना आहे हे मला कळतं. काका पुढे, उलट्या पावलांनी चढतायत, तोंड माझ्याकडे. मी मागे, आणि सगळा भार माझ्याकडे सरकतोय.

"रोज असंच न्यायचात?" मी विचारते.

"सा म्हैने. खाली आन् वर. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्येला घरात करायची लाज वाटायची. खालच्या मजल्यावरचा मिरजकरांचा पोरगा धरायचा एक बाजू. मग त्यो नोकरीला गेला."

"मग?"

"मग एकटाच. खांद्यावर घ्यायचो."

तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. केसपेपरवर मी डिझेलचं वय लिहिलं होतं. त्यांचं लिहायला रकाना नसतो.

पहिला मजला येतो. चादरीच्या दोन्ही टोकांना मी पीळ देऊन मुठीत घट्ट धरलंय. बोटं बधिर व्हायला लागलीत.

"काका, जरा थांबू या?"

"थांबलो तर परत उचलवायचं न्हाई." ते चढत राहतात. दम लागलेला आवाज. "आता तुमी सांगितलंत, तर मी बी सांगतो. त्या दिवशी तुमी म्हणालात, काय राहिलं न्हाई. आटवतंय?"

"हो."

"तवा मला बरं वाटलं."

मी वर बघते. ते माझ्याकडे बघत नाहीत. त्यांची नजर डिझेलवर आहे.

"आदल्या राती मी ह्या जिन्यात बसलो व्हतो, त्येला मांडीवर घेऊन. वर बी जाता येईना आन् खाली बी. तवा मनात आलं, ह्यो आता जाऊ दे. माझ्याच्यानं व्हत न्हाई. लेकरागत वाढवलेलं जनावर, आन् मी असला इचार करतोय. तुमी काय राहिलं न्हाई म्हणालात, आन् माझ्या डोक्यावरचं वज्जं उतरलं. मी इचारलंच न्हाई काय. सुई हाय का, औषध हाय का, पुण्याला न्यायचं का. एक शबुद इचारला न्हाई मी. दिसतंय म्हणून मान हलवली."

दुसरा मजला. इथल्या दाराला बारा नंबर आहे आणि आतून कुकरची शिट्टी ऐकू येते.

मला रडू यायला हवं. येत नाही, इतकी मी दमलेय. आणि त्या दमण्यातच एक बारीक शंका डोकं वर काढते. हे काका बोलतायत, की मीच मला सोडवून घेतेय? माझ्या चुकीचा अर्धा भार त्यांच्या खांद्यावर द्यायला मीच त्यांना इथवर बोलावून आणलंय का?

"काका, हे तुम्ही खरंच सांगताय का?"

"मला काय म्हाईत?" ते म्हणतात. "स्वप्न तुमचं हाय."

आणि हसतात. पुढचा एक दात नसलेलं त्यांचं हसू मी दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मला आठवायचा तो स्टुलावर बसलेला माणूस.

"पर एक सांगतो," ते म्हणतात. "मी इचारलं न्हाई, ती माझी गोष्ट. तुमी बघितलं न्हाई, ती तुमची. ती मी घेणार न्हाई. मला हाय तेवढं वज्जं पुरे."

"मी द्यायला नाही आले."

"मग झालं तर. चला, नीट धरा. डावीकडं झुकतंय."

मी डावा हात वर घेते. डिझेल चादरीतून डोकं काढून माझ्या मनगटाचा वास घेतो. त्याचं नाक ओलं आणि गार आहे. पुढचे टप्पे आम्ही चढतो. जिना वळतो, पुन्हा वळतो. भिंतीचा रंग पिवळा होतो, मग पोपटी, मग माझ्या लहानपणीच्या शाळेच्या भिंतीचा. पाय आपोआप उचलले जातायत. आता त्या वजनाचं मला काही वाटत नाही. वजन आहे, आणि मी धरलंय.

मग दार येतं. साधं, हिरव्या रंगाचं, खाली कुत्र्याच्या नखांनी ओरबाडलेलं. काका पाठीने ते ढकलतात. आत उजेड आहे, दुपारचा, खिडकीतून आलेला. मोरीजवळ पाण्याची पितळी.

"आता सोडा," ते म्हणतात.

"तुम्हाला एकट्याला पेलेल?"

"आता पेलतंय. सोडा तुमी."

मी सोडायला बघते. मूठ उघडत नाही. बोटांना मी सांगतेय, ऐकत नाहीत. काका पलीकडे चादर हातात घेऊन वाट बघतायत, घाई न करता. डिझेलही वाट बघतोय.

"डॉक्टरीणबाई, सोडा की."

"सुटत नाहीये."

"मॅडम."

"सुटत नाहीये हो."

"मॅडम, चार वीस झाले. शेडगे आलेत."

वंदनाताई दारात उभ्या आहेत. पंखा फिरतोय. माझी उजवी मूठ खाटेवरच्या चादरीच्या काठावर अशी आवळलेली आहे की तो काठ गादीखालून पूर्ण उपसून आलाय. डाव्या हाताने मी एकेक बोट सोडवते. करंगळी सगळ्यांत शेवटी. तळव्यावर कापडाचा पीळ खोल उमटलाय, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीखालपर्यंत लाल तिरका पट्टा, त्यात धाग्यांची वीणसुद्धा दिसतेय.

"काय झालं हो हाताला?" वंदनाताई विचारतात.

"काही नाही. दाबला गेला."

मी तोंडावर पाणी मारते आणि बाहेर येते. शेडगे उभे आहेत, मोबाइल हातात. त्यांची बायको बाकावर, मांडीवर टॉवेल, टॉवेलात बिट्टू.

"मग मॅडम?" शेडगे विचारतात. "आमची मनाची तयारी झालीय."

"माझी नाही झालेली," मी म्हणते. "बसा जरा."

ते बसतात. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढते. "बिट्टूच्या लिव्हरमध्ये गाठी आहेत. त्या कसल्या आहेत ते मला माहीत नाही. सोनोग्राफीत ते कळत नाही, रक्तातही नाही. कॅन्सर असू शकतो. नुसत्या वयाच्या गाठी असू शकतात. तसं असेल तर हा जेवत का नाही, त्याचं कारण वेगळंच कुठेतरी शोधावं लागेल."

"पण सकाळी तुम्ही काही बोलला नाहीत."

"नाही बोलले. बोलायला हवं होतं."

शेडगे बायकोकडे बघतात. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसत नाही. दिसतो तो थकवा. ठरवून टाकलेलं पुन्हा उघडावं लागल्यावर येतो तसला. दोन वर्षांपूर्वी मी अशा चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं.

"तुम्हीही दमला असाल," मी म्हणते. "याचं किती दिवस करताय?"

शेडगे हातातला मोबाइल खिशात ठेवतात. बायकोच बोलते, सकाळपासून पहिल्यांदा. "हे रात्रभर जागतात हो त्याच्यापाशी. मी झोपते. हे नाही झोपत."



"त्रास होईल का त्याला?" शेडगे विचारतात. "सुईचा?"

"थोडा. भूल देऊन करू. आधी रक्त गोठतंय का ते बघते, ते इथेच होतं. तीन दिवसांत रिपोर्ट येईल. तोवर मळमळ थांबायला आणि भूक लागायला औषध देते. आणि तीन दिवसांनी वाईट निघालं, तर आज तुम्ही जे म्हणालात तेच करू. मीही तेच सांगेन. पण बघून सांगेन."

"करा," बायको म्हणते.

शेडगे मान हलवतात. मी थांबते. "समजलं का, मी काय म्हणाले ते? नसेल तर परत सांगते."

ते जरा चपापतात. मग खुर्ची पुढे ओढतात. "ते डाग एकदा दाखवाल का? सकाळी मला नीट कळलं नाही."

सोनोग्राफीच्या खोलीत नेऊन मी दिवा घालवते आणि पडद्यावर दाखवते. सावकाश, दोनदा.

पावणेसहाला सुई आत जाते. पडद्यावर ती एक पांढरी बारीक रेघ, डागाच्या बरोबर मध्यापर्यंत. नमुना काचेवर घेते, पसरते, वाळवते. बिट्टूचा श्वास नियमित आहे. काचांवर नाव लिहून डबी बंद करते आणि ग्लोव्ह काढते.

तळहात घामाने ओला आहे. तो पट्टा अजून तिथेच आहे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जरासुद्धा फिका झालेला नाही. मी दिव्याखाली हात धरते. वीण मोजता येईल इतकी स्वच्छ आहे. आणि तिच्यात, मधोमध, एक आखूड काळा केस रुतून बसलाय.

आज दिवसभरात दवाखान्यात काळं कुत्रं आलेलं नाही. मी वंदनाताईंना रजिस्टर बघायला सांगत नाही. केस चिमटीत धरून काढते, तर तळव्यावर त्याच्याएवढाच एक बारीक खळगा राहतो.